साडेतीन तोळ्यांचा आळ

सखूला किळस फार. पाण्याच्या तांब्यात कुणाचं बोट बुडलेलं दिसलं की ते पाणी ती गपचूप मोरीत ओतते. शेजारचं माणूस जेवताना बोटं चोखायला लागलं की हिचा घास तोंडातल्या तोंडात फिरतो. सून माधवी म्हणते, "आई, हे नाक कुठल्या राजवाड्यातून आणलंत?" राजवाडा कसला. सखू मिठागरावरची. बाप दुसऱ्याच्या मिठागरावर राबायचा, आणि घरात, अंगणात, पायांच्या भेगांत सगळीकडे मीठ. मिठात काही कुजत नाही, किडत नाही. म्हणूनच असेल, पण चिकट, बरबटलेलं, आंबलेलं काही समोर आलं की सखूला मळमळतं.

तिला चामटोलीत दिली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. या बाजूला नवरीच्या अंगावर सोनं घालायचं ते नवऱ्याकडच्यांनी. सासू अंजनीबाई हौशी होती. तिनं सुनेसाठी ठुशी करायला टाकली आणि माप बरोबर बसावं म्हणून होणाऱ्या सुनेलाच बदलापूर गावातल्या सोनाराकडे घेऊन गेली. सखूनं असलं दुकान कधी बघितलं नव्हतं. काचेच्या पेटीत बोटभर उंचीचा तराजू, वाऱ्यानं हलू नये म्हणून पेटीला दार. सोनारानं एका पारड्यात ठुशी ठेवली, दुसऱ्यात पितळेची वजनं. मग एका डबीतून गुंजा काढल्या. लालभडक बिया, प्रत्येकीच्या डोक्यावर काळा डोळा. एक टाकली, दुसरी टाकली, आणि पारडी समोरासमोर येऊन थांबली.

"तीन तोळे पुरते, अंजनीबाय," सोनार म्हणाला. "आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आपल्याकडं काडीचा फरक नाय."

अंजनीबाई कुणावर सहज विश्वास टाकणारी नव्हती. "एक गुंज आणखी टाक, बघू."

सोनारानं टाकली. पारडं लगेच खाली बसलं.

"बघा. बीसुद्धा खोटं बोलू देत नाय."

सखू डोळे फाडून बघत राहिली. बापाच्या मिठागरावर टोपलीभर मीठ सांडलं तरी कुणी वाकत नसे, आणि इथं एक बी पडली तर दोन मोठी माणसं श्वास धरून बसली होती. हसूच आलं तिला. पण ठुशी गळ्याला लागली आणि हसू गेलं. गार होती, जड होती, आणि तिची स्वतःची अशी ती पहिलीच वस्तू होती.

नवरा सदू. भाताची शेती करायचा आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीलाही जायचा. माणूस सरळ होता, फक्त कानाचा हलका. धाकटा दीर हरिचंद्र, त्याची बायको भागीरथी. भागीरथी दिसायला ठसठशीत, तोंडाची फटकळ, आणि कामाच्या वेळी तिला नेमकं माहेर आठवायचं. त्यामुळं अंजनीबाई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं सखूच्या वाट्याला आलं. सगळं म्हणजे सगळं. हागणं, मुतणं, पाठीला झालेल्या जखमा, उशीवर ओघळलेली लाळ. लोक म्हणायचे, आता बघू हिची किळस! पण काय झालं कोण जाणे, त्या खोलीत सखूला कधी किळस आली नाही. फडकं पिळायची, सासूला कुशीवर वळवायची आणि त्याच हातांनी येऊन भाकरी थापायची, साबणानं धुऊन अर्थात. म्हातारी कधी शुद्धीत असली की तिचा गाल चाचपायची.

अंजनीबाई गेली. दिवस झाल्यावर तिची पेटी उघडली. पुतळ्यांची माळ होती, नथ होती, पण बुगड्या नव्हत्या. अर्ध्या तोळ्याच्या, मोत्यांच्या बुगड्या. पेटी उलटी करून झटकली, गोधड्या उसवल्या, चुलीची राखसुद्धा चाळली. नाहीतच.

तेव्हा भागीरथी बोलली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. "आमी काय कधी त्या खोलीत गेलो नाय बाय. आमाला वासच सोसवायचा नाय. खोलीत कोण होतं, ते सगळ्यांना ठाव हाय."

बघा, कसं असतं. जिनं घाण काढली तीच चोर ठरली, कारण घाण काढायला तीच होती.

वाटणी झाली. ठुशी सखूची होतीच, ती तिच्याकडे राहिली. पुतळ्यांची माळ भागीरथीला मिळाली. चार माणसांत बोलणं झालं, ठुशी तीन तोळे, माळ दोन तोळे. सगळं तोंडी. सोन्याला हात लावून बघायचीही कुणाला गरज वाटली नाही.

त्यानंतर कधी तरी, दोघं भात लावून परत येत असताना, बांधावरच सदूनं विचारलं होतं, "सखू, तू घेतल्या नायस ना गो?"

"मी नाय घेतल्या," ती म्हणाली.

"बरं," सदू म्हणाला, आणि पुढे चालू लागला.

त्या "बरं"चा अर्थ काय, हे सखूला पुढची सगळी वर्षं कळलं नाही. सदू गेला तेव्हाही कळलं नव्हतं. भागीरथीच्या घरी गौरीला गेलं की ही बसायच्या आत समोरचं दागिन्यांचं ताट उचललं जायचं. ते सोसवलं. बांधावरचं ते "बरं" मात्र आत कुठेतरी अडकून राहिलं, गळ्यात माशाचा काटा अडकतो तसं.

मग जमिनींना भाव आला. चामटोलीपर्यंत इमारती आल्या, भाताची खाचरं बिल्डरांच्या पाट्यांखाली गेली. जमिनी गेल्या आणि गळ्यात आल्या, असंच म्हणायचं. ज्यांनी उभ्या जन्मात चप्पल विकत घेतली नव्हती त्यांच्या मनगटात कुत्र्याच्या साखळीएवढी कडी आली. हात वर करून बोलायचे, म्हणजे दिसावीत. घाम आला की त्या साखळीखाली काळा मळ साचायचा, आणि सखू दुसरीकडे बघायची. सखूच्या मुलानं, सुजितनं, अर्धी जमीन विकली आणि अर्धी ठेवली. भागीरथीच्या राजूनं सगळी विकली, आणि भागीरथी शिरगावात सातव्या मजल्यावर राहायला गेली.

तिथं तिला नवा छंद लागला. उल्हासनगरच्या कॅम्पात फिरताना तिनं एक छोटा काटा घेतला. तळहाताएवढा, वर स्टीलची ताटली, बटण दाबलं की आकडे पेटतात. दुकानदार म्हणाला होता, "भाभीजी, बाल रखो तो बाल भी तोल देगा." भागीरथी तो काटा पर्समध्ये घेऊन लग्नांना जायला लागली. साखरपुडा असो, बारसं असो, ताटातलं उचलायचं, काट्यावर ठेवायचं आणि जाहीर करायचं. "तोळा बोललाव आणि आठच ग्रॅम भरतंय की हो!" देणाऱ्याचं तोंड उतरायचं, घेणाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि भागीरथी पदरानं काटा पुसून पुन्हा पर्समध्ये टाकायची. तोच पदर तोंडालाही. लोक मागून नावं ठेवायचे, पण ती आली की तिच्यासाठी खुर्ची सोडायचे. कोणाचं किती कमी भरलं ते ऐकायला सगळ्यांनाच आवडायचं. याचीच सखूला जास्त शिसारी यायची. काटा एकीच्या पर्समध्ये होता, पण तो प्रत्येकालाच हवा होता.

सखूच्या नातीचं, जिज्ञासाचं लग्न ठरलं. मुलगी शिकलेली, बोलायला तिखट, आणि आजीवर जीव टाकणारी. मुलगा अंबरनाथ पश्चिमेचा. माणसं बरी वाटली. मुलाची आई वृंदा बोलायला मोजकी होती, पण येताना सखूसाठी मऊ लाडू घेऊन आली, दात नाहीत हे लक्षात ठेवून. सखूनं तेव्हाच ठरवलं, ठुशी हिच्याच गळ्यात घालायची. आपल्या हातानं, हळदीच्या दिवशी, सगळ्यांसमोर.

"आजी, तुला काय राहील मग?" जिज्ञासा म्हणाली.

"मना काय करायचीय? माझी मान आता ठुशी घालण्याएवढी उरलीय का?"

हळदीच्या दिवशी दुपार कलल्यापासून मांडव गजबजला. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण विठाबाई आली, तिनं धवले म्हणायला सुरुवात केली. तिच्या आवाजावर मधूनच डीजेवाला चढायचा, मग ती त्याच्याकडे असं बघायची की तो स्वतःहून आवाज कमी करायचा. मागच्या अंगणात मटण शिजत होतं. माइक राजूच्या हातात. प्रत्येक आहेर ताटात आला की तो ओरडायचा, "प्रीतमदादांकडून गळ्यातली चेन, दीड तोळा! टाळ्या होऊन जाऊ द्या!" आणि ताटाच्या शेजारी, खुर्ची ओढून, मांडीवर पर्स घेऊन, भागीरथी. राजूनं बोलायच्या आधी ती काट्यावर ठेवायची, मान हलवायची, मगच राजू बोलायचा. सखूनं सुजितला सांगून बघितलं, "हिला उठव तिथून." सुजित म्हणाला, "आई, लग्नघरात नको ना भांडण."

एवढ्यात अंबरनाथहून वृंदा आणि तिच्या चार बायका नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आल्या. त्यांना पुढे बसवलं. जिज्ञासा पाटावर होती, गालांना पहिली हळद लागली होती. सखूनं हीच वेळ धरली. कमरेची पिशवी सोडून ठुशी काढली आणि नातीकडे निघाली.

"थांब गो सखे," भागीरथी म्हणाली. "वजन होऊ दे."

"ही काय आज आणलेली हाय का? तुझ्या-माझ्या सासूनं केलेली. तीन तोळे. सगळ्यांना ठाव हाय."

"म्हणूनच म्हणतंय. सगळ्यांचं केलं, घरचं का सोडायचं? लोक काय बोलतील?" आणि तिनं हात पुढे केला.

तो हात सखूला दिसला. भागीरथी नुकतीच मागच्या अंगणातून कलेजीचा तुकडा चाखून आली होती, बोटांना तेलाचा पिवळा तवंग. दुसऱ्या हाताचं बोट मिस्रीनं काळं. त्या बोटांनी तिनं ठुशी उचलली.

"गोंडा सोड आधी. गोंड्याचं वजन सोन्यात नको."

"रेशमाचा गोंडा हाय. तो काय भरतोय?"

"भरो ना भरो."

माधवीनं खाली मान घालून गोंडा सोडला. भागीरथीनं ठुशी ताटलीत गुंडाळून ठेवली. ताटलीच्या कडेला मिस्रीचा एक ओघळ वाळलेला होता. सखूनं डोळे मिटले. उघडले तेव्हा आकडे पेटले होते.

"किती रे, राजू?"

"चौतीस पॉइंट आठ, आई."

"तोळ्यात सांग."

"साडेतीन तोळ्याला थोडं कमी."

भागीरथीच्या तोंडावर असं काही पसरलं, की सखूला वाटलं, ही इतकी वर्षं याच दिवसाची वाट बघत होती. तिनं राजूच्या हातातून माइक घेतला.

"ऐका गो बायांनो! ठुशी तीन तोळ्यांची. वाटणीच्या वक्ताला तीनच बोललेली, साक्षीदार हायत. दुनियेचं सोनं झिजतं, हिचं वाढलं! किती वाढलं? अर्धा तोळा. आणि आमच्या सासूच्या बुगड्या किती होत्या? अर्धा तोळा! आता कळलं मना, त्या बुगड्या कुठं गेल्या. आटवून घेतल्या ठुशीत!"

डीजेवाल्यानं गाणं बंद केलं. विठाबाईचा धवला अर्ध्यात राहिला. वृंदा हळदीची वाटी हातात घेऊन बसली होती, ती तिनं हळूच खाली ठेवली. तिच्या शेजारची बाई तिच्या कानाला लागली.

सखूला बोलायचं होतं. "मी नाय घेतल्या," एवढंच आलं, आणि तेही बांधावर आलं होतं तेवढ्याच आवाजात. आणि काटा तर खोटं बोलत नव्हता. तीन तोळे तिनं स्वतः बघितले होते, गुंजेला गुंज लावून. मग हे वरचं कुठून आलं? सोनं काय पोटुशी राहतं? खरं सांगायचं तर, तेवढ्यात तिला स्वतःचाच संशय आला. मी तर नाही ना कधी काही केलं? म्हातारपणात माणूस काहीही विसरतं. म्हातारीची सेवा करता करता, झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही... आणि हा विचार मनात आल्यावर तिला सगळ्या जगाची नाही, स्वतःच्या अंगाचीच किळस आली.

"आजीनं काही घेतलेलं नाही," जिज्ञासा पाटावरून उठली. हळद गळ्यावर ओघळत होती.

"तू बस गो. तुला काय ठाव? तुझा जन्म तरी झालेला का? काटा बोलतोय, मी नाय बोलत." भागीरथी आता रंगात आली होती. पुढ्यात अंबरनाथची नवी माणसं, हातात माइक. तिनं गळ्यातली पुतळ्यांची माळ ओढून काढली. "ही बघा. त्याच सासूची, त्याच सोनाराची. दोन तोळे बोललेली, दोनच भरणार. आमच्यात खोट नाय. ठेव रे राजू, दाखव सगळ्यांना."

माळ ताटलीत पडली. पावडर आणि घामाचा पांढरा लेप तिच्यावर चढलेला. राजू वाकला. वाकलेलाच राहिला.

"बोल ना रे!"

"आई... तेवीस पॉइंट दोन."

"म्हंजे दोनच ना?"

"दोन म्हणजे वीस असतं. हे सव्वादोनच्या वर आहे."

माइक चालू होता. सव्वादोन सगळ्या मांडवानं ऐकलं.

विठाबाई धवलारीण खांबाला टेकून बसली होती. तिनं पानाची पिंक बाहेर टाकली आणि शांतपणे विचारलं, "मग गो भागीरथी, तुझ्या माळेत कुणाच्या बुगड्या मुरल्या?"

हसू फुटलं. आधी मागच्या बायकांत, मग सगळीकडे. भागीरथीनं काटा उचलून हलवला, उलटा केला, पुन्हा माळ ठेवली. पुन्हा तेवीस. राजूनं मोबाइल काढला, अंगठ्यानं काहीतरी शोधत राहिला, आणि कपाळाला हात लावला.

"अरे यार! आई, जुना तोळाच मोठा होता. पावणेबारा ग्रॅमच्या आसपास. आता बाजारात आपण दहा ग्रॅमला तोळा बोलतो ना, तो नवा. जुने तीन तोळे म्हणजे आताचे साडेतीनच होतात. काकी, तुमची ठुशी बरोबर आहे. एकदम करेक्ट."

सखूच्या डोळ्यांसमोर काचेची पेटी आली. बारा माशांचा तोळा. अंजनीबाईनं टाकायला लावलेली ती जास्तीची गुंज, आणि खाली बसलेलं पारडं. सोनं तेवढंच होतं. तोळा बारीक झाला होता. लोकांनी जुना शब्द ठेवला आणि त्याच्या पोटातलं काढून घेतलं, आणि वर हिलाच चोर म्हणाले.

आता कुणीतरी येईल, तिला वाटलं. कुणीतरी येऊन म्हणेल, सखू, चुकलं आमचं. ती उभी राहिली, पदर सारखा करून.

पण भागीरथीच्या डोक्यात वेगळाच दिवा लागला होता. "म्हंजे राजू, माझी माळ सव्वादोनची? दोनची नाय?"

"सव्वादोनच्या वर."

"अगो बाय! म्हंजे माझं सोनं वाढलं की!"

बस. तेवढं वाक्य पडलं आणि मांडवाचा बाजार झाला. ज्या ज्या बाईकडे सासूचं, आजेसासूचं काही होतं ती उठली. नथी निघाल्या, पाटल्या निघाल्या, एकीनं तर दंडातली वाकी साबण लावून काढली आणि फेसासकट काट्यावर ठेवली. "माझी बघ गो, माझी बघ!" पाटावरची नवरी, तिच्या गालावर वाळत चाललेली हळद, उष्टी हळद घेऊन आलेले पाहुणे, कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. ठुशी ताटाच्या कडेला पडली होती, तिच्यावर कुणाचा तरी तेलकट अंगठा उमटला होता. राजूनं माइक तोंडाशी नेला आणि खुशीत ओरडला, "सखूकाकींकडून नातीला ठुशी, तीन नाही, साडेतीन तोळे! जोरात टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. राजूला वाटलं, फिटलं.

सखू त्या गर्दीतून वाट काढत भागीरथीसमोर गेली.

"भागी, मघाशी माइकवर बोललीस ते माइकवरच परत घे."

"काय गो आता? हिशोब सुटला ना?"

"हिशोब सुटला. आळ नाय सुटला."

"अगो, घरातलं बोलणं. मनाला किती लावून घ्यायचं?"

"घरातलं व्हतं तर माइक कशाला घेतलास? ही बाई," सखूनं वृंदाकडे बोट केलं, "ही अंबरनाथला जाऊन काय सांगेल? मुलीची आजी मढ्याच्या कानातलं काढणारी हाय?"

वृंदा गोंधळली. "नाही हो आजी, आम्ही असं काही..." पण तिनं वाटी खाली ठेवली होती, आणि ते सखूनं बघितलं होतं.

"भागीआजी," जिज्ञासा म्हणाली, "तू बोलल्याशिवाय मी हळद लावून घेत नाही. बसू दे सगळ्यांना असंच."

सुजितनं या वेळी भांडण नको म्हटलं नाही. भागीरथीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुणी तिच्या बाजूनं बोलेना. तिनं माइक घेतला, घसा साफ केला.

"कुणाच्या मनाला लागलं असेल तर लावून घेऊ नका. काट्याचा गैरसमज झाला. सखूबाय आमची मोठी जाऊ हाय, आमाला आईसारखी." पण तिला राहवलं नाही. "आता बुगड्यांचं म्हणाल तर, ते देवाला ठाव."

आंबलेलं दूध वासावरून कळतं तसं सखूला कळलं, याहून चांगलं काही या तोंडातून निघणार नाही. इतकी वर्षं ती यांच्या तोंडून एक वाक्य ऐकायला थांबली होती. आणि तोंड म्हणावं तर हे, मिस्रीनं काळं, कलेजीनं तेलकट. या तोंडून आपलं नाव स्वच्छ होऊन यावं, ही अपेक्षाच कुठून ठेवली आपण?

"पुरे," ती म्हणाली. ताटातली ठुशी उचलली. शेजारचा काटाही उचलला. एका बाईची नथ त्याच्यावर होती, ती तिनं बाजूला काढून तिच्या हातात दिली. आणि मागच्या अंगणात गेली.

मोरीजवळ रिठे भिजत घातलेले होते, नवरीच्या केसांसाठी. सखूनं त्यातलं थोडं पाणी बादलीत घेतलं, वर गरम पाणी ओतलं, फेस काढला. ठुशी बुडवली. जुन्या मऊ ब्रशनं एक एक मणी घासला. पाण्यावर तेलाचे बारीक डोळे तरंगायला लागले. पाणी ओतलं, दुसरं घेतलं. याच मोरीत तिनं सासूची फडकी धुतली होती. ते पाणी याहून काळं असायचं, आणि तरी तिला कधी ओकारी आली नव्हती. त्या घाणीवर म्हातारीचा ताबा नव्हता. ही माणसं तर जेवूनखाऊन, नटूनथटून, टाळ्या वाजवत घाण करत होती.

सदू असता तर आज त्यानं आकडा ऐकला असता. काय म्हणाला असता? बहुतेक "बरं"च म्हणाला असता. सखूला पहिल्यांदाच वाटलं, म्हणू दे. आपण घेतल्या नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे, मघाशी क्षणभर सुटलं होतं तेही आता परत हाताशी आलं आहे. बुगड्या कुठे गेल्या ते देवाला ठाऊक असेल तर असो. देवाला मिस्रीची सवय नाही, तो आपलं नाव बरबटवणार नाही.

माधवी मागे येऊन उभी राहिली. "आई, सगळे थांबलेत. चला."

"आले. एवढं एक राहिलंय." सखूनं काटा उचलला, नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि रिठ्याच्या पाण्यात बुडवला. तळाशी धरून ठेवला, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग तोही ब्रशनं घासला, कडेचा मिस्रीचा ओघळ नखानं काढला, स्वच्छ पाण्यातून काढला. माधवीनं हसू दाबायला तोंडावर पदर धरला होता.

मांडवात येऊन सखूनं काटा भागीरथीच्या मांडीवर ठेवला. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"हे काय केलंस गो!"

"वास मारत व्हता. धुतला."

"अगो बये, त्यात सेल असतो!"

"असू दे. त्यालाही वाळत घाल." भागीरथीनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आपटलं. आकडे पेटले नाहीत. साबणाच्या फेसानं माखलेली वाकी हातात धरून रांगेत उभी असलेली बाई हळूच ती दंडात परत चढवायला लागली. विठाबाईनं संधी साधून धवला उचलला, पहिल्यापासून.

सखूनं पाटाजवळ बसून गोंडा बांधला आणि ठुशी नातीच्या गळ्यात घातली. मण्यांमधलं पाणी हळदीत मिसळून पिवळं होऊन खाली ओघळलं. जिज्ञासाला गार लागलं, ती शहारली आणि हसली.

वृंदानं वाटी पुन्हा हातात घेतली होती. ती पुढे वाकली, ठुशी न्याहाळली, आणि अगदी सहज, कौतुकानंच विचारलं, "आजी, मग नक्की किती तोळ्यांची म्हणायची ही?"

सखूनं पदराच्या स्वच्छ टोकानं नातीची मान टिपली.

"ओली हाय अजून," ती म्हणाली. "वाळू दे आधी."